१९५० सालचं ‘जी’ छापाचं ५० फेनिग: एका जर्मन नाण्याची ओळख आणि किंमत

युरो येण्यापूर्वीच्या जर्मन नाण्यांपैकी भारतात सर्वांत जास्त प्रश्न ५० फेनिगच्या नाण्यावर (शंभर फेनिग म्हणजे एक मार्क) येतात. त्यातही १९५० साल आणि टांकसाळीचं ‘जी’ अक्षर असलेल्यावर. कारण सरळ आहे. याच सालाचं, याच अक्षराचं एक नाणं खरोखरच दुर्मीळ आहे आणि त्याचंच दुसरं रूप कोट्यवधींनी पाडलं गेलं. फोटोत दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. खाली दिलेलं प्रकरण अगदी नेहमीचं आहे, म्हणूनच ते पायरीपायरीने मांडलं आहे.

प्रकरण

पुण्यातल्या एका घरात बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. घरातले काका साठ-सत्तरच्या दशकांत स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात नोकरीला होते आणि परत येताना उरलेली चिल्लर त्यांनी डब्यात टाकून ठेवली होती. डब्यात ५० फेनिगची ३ नाणी, १० फेनिगची ११, एक मार्काची ४, दोन मार्कांचं एक (पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सलर आडेनाउअर यांचा चेहरा असलेलं) आणि पाच मार्कांचं एक. पुतण्याने ५० फेनिगच्या एका नाण्यावरचं साल आणि अक्षर फोनवर शोधलं. एका जाहिरातीत तसंच नाणं साडेचार लाखांना लावलेलं त्याला दिसलं. प्रश्न असा आला: हे खरं आहे का, आणि असेल तर विकायचं कुठे?

सोबत दोन फोटो होते, पण दोन्ही एकाच बाजूचे, साल दाखवणारे. त्या फोटोंवरून उत्तर देणं शक्यच नव्हतं. का, ते पुढे येईलच.

नाणं कुठलं, कुणाचं

आधी देश पक्का करायचा. ‘जर्मनी, ५० फेनिग, १९५०’ एवढ्याच माहितीवर दोन वेगळ्या राज्यांची नाणी हाती येतात. पूर्व जर्मनीनेही १९५० सालाचं ५० फेनिग काढलं होतं. ते ॲल्युमिनियम-ब्राँझचं, पिवळसर असतं. त्यावर नांगर आणि मागे कारखाना आहे, आणि टांकसाळीचं अक्षर ‘ए’ म्हणजे बर्लिन. नाझी काळातलं ५० राइशफेनिग त्याहून जुनं. त्यावर स्वस्तिकासह गरुड असतो आणि युद्धकाळातलं नाणं ॲल्युमिनियमचं, हातात घेतलं की वजनच लागत नाही असं. या दोन्हींचा पश्चिम जर्मनीच्या नाण्याशी संबंध नाही. कॅटलॉगमधले क्रमांक वेगळे, किंमती वेगळ्या, आणि जर्मनीची मध्यवर्ती बँक ती बदलूनही देत नाही.

पश्चिम जर्मनीचं ५० फेनिग पांढरट, चंदेरी रंगाचं. धातू तांबं ७५ टक्के आणि निकेल २५ टक्के. एका बाजूला ओणवी बसून ओकचं रोप लावणारी बाई, तिच्याखाली साल. दुसऱ्या बाजूला मोठा ५० चा आकडा, भोवती राज्याचं किंवा बँकेचं नाव, आणि आकड्याच्या खाली टांकसाळीचं अक्षर. रोप लावणाऱ्या बाईचं शिल्प रिचर्ड मार्टिन वेर्नर यांचं, आणि त्यासाठी त्यांच्या पत्नी गेर्डा मॉडेल म्हणून बसल्या होत्या. युद्धानंतर उद्ध्वस्त शहरं उभी करणाऱ्या बायकांची आठवण म्हणून जर्मन लोक या नाण्याकडे पाहतात. नाणं साधं, पण १९४९ ते २००१ या सगळ्या काळात हे चित्र तसंच राहिलं.

टांकसाळीची अक्षरं चार: डी म्हणजे म्युनिक, एफ म्हणजे स्टुटगार्ट, जी म्हणजे कार्ल्सरुहे, जे म्हणजे हॅम्बुर्ग. १९९० पासून बर्लिनचा ए परत आला. काका स्टुटगार्टला होते म्हणून नाणी एफचीच असणार, असं काही नाही. चिल्लर देशभर फिरते.

निकाल कशावर लागतो

डॉइच मार्क २० जून १९४८ ला आला, म्हणजे पश्चिम जर्मनीचं राज्य स्थापन होण्याच्या जवळपास वर्षभर आधी. तेव्हा चलन काढणारी संस्था होती ‘बँक डॉयचर लेंडर’. त्यामुळे १९४८ आणि १९४९ सालच्या पहिल्या नाण्यांवर बँकेचं नाव आलं. मे १९४९ मध्ये संघराज्य झालं आणि १९५० सालाच्या नाण्यांवर ‘बुंडेसरेपुब्लिक डॉइचलांड’ हे राज्याचं नाव आलं. ५० फेनिगवर साल एका बाजूला आणि नाव दुसऱ्या बाजूला असल्याने दोन्ही ठसे वेगवेगळे तयार व्हायचे.

कार्ल्सरुहेच्या टांकसाळीत नव्या सालाचा ठसा आणि बँकेच्या नावाचा जुना ठसा एकत्र वापरून ३०,००० नाणी पाडली गेली आणि ती चलनात गेली. दुर्मीळ नाणं ते हे.

म्हणजे तीन शक्यता राहतात:

बँकेचं नाव, जी, साल १९४९: साधारण अडीच कोटींहून जास्त पाडलेलं, सर्वसाधारण.

राज्याचं नाव, जी, साल १९५०: सहा कोटींहून जास्त, अगदी सर्वसाधारण.

बँकेचं नाव, जी, साल १९५०: ३०,०००. दुर्मीळ.

जर्मन यायची गरज नाही. आकड्याच्या बाजूला वरच्या ओळीतला पहिला शब्द वाचायचा. तो इंग्रजीतल्यासारखाच ‘बँक’ असा चार अक्षरांचा असला तर पुढे जायचं. बारा-चौदा अक्षरांचा लांबलचक शब्द असला तर नाणं राज्याच्या नावाचं आहे आणि प्रश्न तिथेच मिटला. डब्यातल्या नाण्याचा दुसऱ्या बाजूचा फोटो मागवल्यावर त्यावर लांबलचक शब्दच निघाला.

एका बाजूच्या फोटोने निकाल लागत नाही तो यामुळे. साल दाखवणाऱ्या बाजूला नाव नसतं, आणि नाव-अक्षर दाखवणाऱ्या बाजूला साल नसतं. लाखोंच्या जाहिराती नेमक्या याच फटीत उभ्या राहतात: शीर्षकात ‘१९५०’ आणि ‘जी’ मोठ्या अक्षरांत, नावाबद्दल एक शब्द नाही.

आणखी एक गैरसमज सालाचा. १९५० हे साल असलेली ५० फेनिगची नाणी फक्त त्या वर्षी पाडलेली नाहीत. १९६५ पर्यंत तेच साल ठेवून नाणी पाडणं चालू राहिलं. पुढचं साल थेट १९६६. त्यामुळे ‘पंच्याहत्तर वर्षं जुनं’ हे विशेषण बऱ्याच वेळा खरंही नसतं, आणि संख्या इतकी प्रचंड का, याचंही उत्तर यात आहे.

मोजून पाहणं

नाव वाचल्यावरही मोजमाप करावंच, कारण सवय लागते आणि कधीकधी भलतंच काही निघतं. लागणारी साधनं: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा दागिन्यांचा काटा, व्हर्नियर कॅलिपर, दहापट भिंग आणि साधं लोहचुंबक. काटा वापरण्यापूर्वी वजनमापाने तपासून घ्यावा. मापाचं वजन नसेल तर ओळखीच्या सराफाकडे एक नाणं तोलून आणून तेच मोजदादीला वापरता येतं.

५० फेनिगचं ठरलेलं वजन ३.५ ग्रॅम, व्यास २० मिलिमीटर. डब्यातलं नाणं ३.४६ ग्रॅम आणि १९.९७ मिलिमीटर भरलं. फिरलेल्या नाण्याला इतकी झीज अगदी रास्त. या मिश्रधातूला चुंबक ओढत नाही. नाणं चुंबकाला चिकटलं तर ते लोखंडावर मुलामा दिलेलं काहीतरी आहे. उलट १० फेनिगची नाणी लोखंडावर पितळेच्या पत्र्याची, त्यामुळे ती चिकटतात, आणि ते बरोबर आहे. लोक इथे गडबडतात: चुंबकाला चिकटलेलं १० फेनिग ‘नकली’ म्हणून बाजूला काढतात.

कड पाहायला विसरू नये. १९४९ ते १९७१ या काळातल्या ५० फेनिगची कड दातेरी, १९७२ पासून सपाट. १९५० सालाचं नाणं सपाट कडेचं असेल तर ते घासलेलं किंवा बनावट. डब्यातल्या तीन ५० फेनिगपैकी एक १९७५ चं होतं आणि त्याची कड सपाट होती. शेजारी ठेवली की फरक नखालाही जाणवतो.

शेवटी दोन्ही बाजूंचा मेळ. बाईचं चित्र सरळ ठेवून नाणं डावी-उजवीकडे पलटलं की ५० सुद्धा सरळच दिसायला हवं. भारतीय नाण्यांचंही तसंच असतं, म्हणून आपल्याला ते नेहमीचं वाटतं. ५० उलटं दिसलं तर ते नाणं बाजूला ठेवून शांतपणे तपासावं.

आणि ‘बँक’ लिहिलेलं निघालंच तर

या प्रकरणात निघालं नाही. पण प्रत्यक्षात १९५० जी ‘बँक’ नाणं कुणी विकायला आणलं तर आनंदाआधी संशय हवा, कारण या नाण्याची बनावट करण्याचे दोन स्वस्त मार्ग आहेत आणि दोन्हीला कच्चा माल ढिगाने मिळतो.

पहिला मार्ग सालात फेरफार. १९४९ चं खरं जी नाणं घ्यायचं, ४ चा ५ आणि ९ चा ० करायचा. धातू खरा, वजन खरं, कड खरी. खोटे फक्त दोन आकडे. हे भिंगाखालीच सापडतं. आकड्यांच्या आजूबाजूचा सपाट भाग बाकी नाण्याच्या सपाट भागासारखा दिसतो का, ते तिरप्या उजेडात बघायचं. खरवडलेल्या जागी बारीक समांतर ओरखडे किंवा उथळ खळगा दिसतो. भर घातलेल्या आकड्याच्या पायाशी बारीक चीर किंवा वेगळा रंग दिसतो. मुख्य तपासणी मात्र तुलनेची. साध्या १९५० नाण्यावरच्या ५ आणि ० चा आकार, जाडी आणि एकमेकांतलं अंतर हे संशयित नाण्यावरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळलं पाहिजे, कारण त्या बाजूच्या चित्रात काही बदललेलं नाही. तुलनेसाठी लागणारं नाणं पंचवीस रुपयांचं आहे, त्यामुळे टाळाटाळ करायला कारण नाही. शक्यतो झीज दोन्हींची सारखी असावी. खूप झिजलेला ० आणि नवाकोरा ० वेगळे दिसतातच, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

दुसरा मार्ग जास्त कसबी. १९४९ जीची आकड्याची बाजू आणि साध्या १९५० ची बाईची बाजू कापून जोडायची. एका नाण्याचा गाभा लेथवर कोरून त्यात दुसऱ्याची पातळ चकती बसवतात. अशा वेळी दोन्ही बाजू खऱ्याच असतात, म्हणून आकड्यांची तुलना निरुपयोगी ठरते. शोधायचा तो जोड. तो बहुतेक वेळा बाहेरच्या कडेवर नसतो. उंच कंगोऱ्याच्या आतल्या अंगाला, जिथे कंगोरा आणि सपाट भाग भेटतात त्या कोपऱ्यात, एक अखंड बारीक रेघ लपलेली असते. नाणं फिरवत, एका बाजूने उजेड टाकत पूर्ण वर्तुळ बघायचं, दोन्ही बाजूंना. दुसरी खूण आवाजाची: नाणं बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने हलकं टिचकवलं तर अखंड नाणं काही क्षण वाजत राहतं, जोडलेलं थबकतं. आवाजाची खूण एकटी पुरावा म्हणून धरू नये, पण साध्या नाण्याशेजारी वाजवून पाहिलं तर कान लगेच सांगतो.

तिसरा प्रकार म्हणजे थेट ओतीव किंवा नव्याने पाडलेली नक्कल. त्यात अक्षरांच्या कडा गोलसर, सपाट भागावर बारीक छिद्रं, वजन ३.५ पासून बरंच हललेलं. हे सगळ्यांत सोपं.

घरची तपासणी पार झाली, तरी पैसे देण्यापूर्वी नाणं जर्मन नाण्यांचा अनुभव असलेल्या लिलावगृहाकडे किंवा पीसीजीएस, एनजीसी यांसारख्या प्रमाणन संस्थेकडे जायला हवं. खर्च होतो, पण या नाण्याच्या किमतीत तो बसतो. साध्या नाण्यासाठी मात्र हा खर्च म्हणजे नाण्याच्या कित्येक पट. ‘एकदा तपासून तरी घेऊ’ म्हणून साधं नाणं प्रमाणनाला पाठवण्यात काही हशील नाही.

अवस्था

जर्मन विक्रेते इंग्रजी श्रेणी क्वचित वापरतात. त्यांच्या श्रेणी चढत्या क्रमाने अशा: ‘शोन’, ‘झेअर शोन’, ‘फोरत्स्यूग्लिश’, ‘श्टेम्पेलग्लान्त्स’. साधारण इंग्रजी ‘फाइन’, ‘व्हेरी फाइन’, ‘एक्स्ट्रीमली फाइन’ आणि ‘अनसर्क्युलेटेड’ यांच्या जवळपास. यादीत नुसतं ‘शोन’ म्हणजे चांगलंच झिजलेलं नाणं, हे लक्षात ठेवावं. प्रूफ नाण्याला, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्याला, ते ‘पोलिअर्टे प्लाटे’ म्हणतात.

५० फेनिगवर झीज आधी उंच भागांवर येते: बाईचे केस, खांदा, मांडी-गुडघ्याचा उंचवटा. मग ओकच्या पानांच्या शिरा बुजतात. डब्यातल्या नाण्यावर पानं वेगळी ओळखू येत होती, पण शिरा गेल्या होत्या आणि केसांचा भाग सपाट झाला होता. श्रेणी ‘झेअर शोन’च्या खालच्या टोकाला.

एक गोष्ट या टप्प्यावर बिघडते आणि नंतर दुरुस्त होत नाही: नाणं घासणं. घरात जुनं नाणं सापडलं की चिंच, लिंबू, पितांबरी किंवा टूथपेस्ट यांपैकी काहीतरी त्यावर चालवलं जातं. आम्लाने तांबं-निकेलच्या पृष्ठभागावरची मूळ झळाळी जाते, आणि पावडरने हजारो सूक्ष्म ओरखडे पडतात. ते सगळे एकाच दिशेने असतात, त्यामुळे जाणकाराला दुरूनच कळतं. साध्या नाण्याचं त्यात फारसं जात नाही, पण त्याच डब्यात चांगलं नाणं असेल तर त्याची निम्मी किंमत दहा मिनिटांत जाते. धूळ-चिकटपणा काढायचाच असेल तर डिस्टिल्ड पाण्यात ठेवून, न चोळता, मऊ कापडावर टिपून घ्यावं. प्लास्टिकच्या पाकिटातून आलेली हिरवट चिकट साय असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटं बुडवावं, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नखं पुसायचं द्रावण नको. त्यात तेल आणि रंग असतात.

किंमत काढताना

जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेत, म्हणजे बुंडेसबँकेत, मार्क आजही कसलीही मुदत न ठेवता, शुल्क न घेता युरोत बदलून मिळतात. दर कायमचा ठरलेला: १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क. त्या हिशोबाने ५० फेनिगचे २५.५६ सेंट. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर साधारण पंचवीस रुपये. झिजलेल्या १९५० जी नाण्याची किमान किंमत ही. नाणं संग्राहकांच्या बाजारात याच्या फार वर जात नाही, कारण ज्याला हवं त्याला ते मूठभरात मिळतं. खरोखर न वापरलेलं, मूळ झळाळीचं जुनं नाणं मात्र दर्शनी किमतीच्या कित्येक पट जातं, कारण पंधरा वर्षं तेच साल पाडलं तरी कोरं कुणी बाजूला ठेवलं नाही.

दुर्मीळ ‘बँक’ नाण्याला फिरलेल्या पण चांगल्या अवस्थेत काही शे युरो मिळतात. म्हणजे खऱ्या दुर्मीळ नाण्यालाही जाहिरातीतला साडेचार लाखांचा आकडा लागू होत नाही. हा तपशील प्रश्नकर्त्याला बहुतेक वेळा सगळ्यात जास्त टोचतो.

मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत गल्लत होऊ देऊ नये. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ ही चाळणी लावून मग आकडे बघावेत. चालू जाहिरातींत कुणीही काहीही लिहू शकतं. लिलावांचे जुने निकाल एसीसर्चसारख्या संग्रहात मिळतात, आणि नाण्याची मूळ माहिती, पाडलेल्या संख्या, क्रमांक न्यूमिस्टावर. शोधताना शब्द जर्मनमध्ये द्यावेत आणि येगर कॅटलॉगचा क्रमांक जोडावा: ‘बँक’ नावाचं ५० फेनिग येगर ३७९, राज्याच्या नावाचं ३८४. क्राउझे कॅटलॉगमध्ये ते अनुक्रमे १०४ आणि १०९. दातेरी कडेचं १०९.१ आणि सपाट कडेचं १०९.२. क्रमांक टाकला की भलत्या नाण्यांचे निकाल आपोआप गळतात. कॅटलॉगमधला भाव हा दुकानदाराने विकण्याचा असतो, विकत घेण्याचा नव्हे, त्यामुळे हाती येणारी रक्कम त्याहून बरीच खाली धरायची.

भारतातला आणखी एक धोका नाण्यापेक्षा फोनचा आहे. ‘तुमचं नाणं आम्ही लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेची परवानगी’ अशी साखळी सुरू होते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता की ती अशा व्यवहारांत नसते, कमिशन किंवा शुल्क मागत नाही, आणि तिच्या नावाने मागण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. विकत घेणारा पैसे देतो. मागत असेल तर तो विकत घेणारा नाही.

ज्याच्याकडे कुणी पाहिलं नाही ते

डब्यातल्या पाच मार्कांच्या नाण्याचा फोटो पुतण्याने पाठवलाही नव्हता. यादीत ‘पाच मार्क, १ नग’ एवढंच होतं. साल विचारल्यावर कळलं, १९५१, अक्षर एफ.

१९५१ ते १९७४ या सालांची पाच मार्कांची चलनी नाणी चांदीची आहेत: वजन ११.२ ग्रॅम, चांदी ६२.५ टक्के, बाकी तांबं, व्यास २९ मिलिमीटर. म्हणजे शुद्ध चांदी बरोबर ७ ग्रॅम. १९७५ पासूनचं पाच मार्क त्याच व्यासाचं, पण १० ग्रॅमचं, चांदीविना, आणि आतल्या निकेलमुळे चुंबकाला थोडं ओढलं जातं. दोन्हींवर गरुड आहे, पण चित्र वेगळं. १९५१ च्या नाण्याच्या कडेवर ‘एकता, न्याय आणि स्वातंत्र्य’ या अर्थाचे जर्मन शब्द खोल कोरलेले असतात.

खातरजमा पाण्याने. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं पातळ दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला किंवा काठाला टेकू द्यायचं नाही. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन. डब्यातलं नाणं कोरडं ११.०८ ग्रॅम भरलं आणि पाण्यात आकडा १.१२ आला. भागाकार ९.८९. या चांदी-तांब्याच्या मिश्रणाची घनता ९.८६ च्या आसपास यायला हवी. तांबं-निकेलची साधारण ८.९ येते. नाण्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडासुद्धा उत्तर बिघडवतो, म्हणून बुडवल्यावर दोरा हलकेच हलवून घ्यायचा. ५० फेनिगवर हीच युक्ती घरच्या काट्याने करू नये: तिथे सारलेलं पाणी जेमतेम ०.३९ ग्रॅम, आणि काट्याची ०.०१ ग्रॅमची चूकही घनता पार बदलून टाकते.

१९५१ एफ हे संग्राहकांच्या दृष्टीने सर्वसाधारण; याच मालिकेतलं दुर्मीळ नाणं १९५८ जे, फक्त ६०,००० पाडलेलं. पण सर्वसाधारण असलं तरी ७ ग्रॅम चांदी कुठे जात नाही. किंमत म्हणजे त्या दिवसाचा चांदीचा ग्रॅमचा भाव गुणिले ६.९, झीज धरून. सराफ यातून वितळवण्याची घट कापेल, नाण्यांचा व्यापारी बहुधा त्याहून बरा भाव देईल. ज्या नाण्यावरून सगळा गोंधळ झाला, त्याच्या कितीतरी पट हे नाणं त्याच डब्यात पडून होतं.

डब्याचा हिशोब

चांदीचं वगळून उरलेली चिल्लर: ५० फेनिगची ३ म्हणजे १.५० मार्क, १० फेनिगची ११ म्हणजे १.१० मार्क, एक मार्काची ४, आणि दोन मार्कांचं एक. एकूण ८.६० मार्क, भागिले १.९५५८३, म्हणजे ४.४० युरो. एवढ्यासाठी टपालाने जर्मनीला पाठवणं निरर्थक. खर्च रकमेला गिळेल, वर नाणी वाटेत हरवायची भीती. जर्मनीला जाणारं-येणारं कुणी असेल तर बुंडेसबँकेच्या शाखेत ती बदलता येतात. साध्या व्यापारी बँका ही नाणी घेत नाहीत, त्यामुळे विमानतळावर उतरून पहिल्या दिसेल त्या बँकेत जाऊ नये. वाकवलेली, भोक पाडलेली किंवा मुद्दाम खराब केलेली नाणी बदलून मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. लॉकेट केलेलं नाणं त्यातच येतं.

घरी ठेवायला कायद्याची अडचण नाही. परकीय चलन नियमांनुसार भारतातल्या रहिवाशाला परदेशी नाणी कितीही ठेवता येतात. मर्यादा नोटांना आहे. डब्यात कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, काळातली, शंभर वर्षांहून जुनी नाणी असती तर देशाबाहेर पाठवताना पुरावस्तूंच्या कायद्याचा विचार करावा लागला असता. इथे तसं काही नव्हतं.

नाणी ठेवायची तर मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं टाळावीत. काही वर्षांत त्यातूनच हिरवी साय येते. पुठ्ठ्याच्या चौकोनी पॉलिएस्टर-खिडकीच्या चौकटी चालतात, पण स्टेपलच्या पिना चपट्या कराव्यात, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा पडतो. पावसाळ्यात पुण्याला हवेतला दमटपणा पुरेसा असतो आणि कोकणात तर विचारायलाच नको, तेव्हा डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि रंग बदलला की ती बदलावी. चांदीचं नाणं वेगळं ठेवावं, रबर बँडपासून लांब; रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. १० फेनिगच्या लोखंडी गाभ्याच्या नाण्यांवर कडेला गंजाचे ठिपके दिसू लागले तर ती बाकीच्यांतून बाहेर काढावीत. डब्यातल्या अकरापैकी दोनांवर असे ठिपके होते.